मानेवरचा हात

गुरुवार तुम्ही सांगितला होतात, साहेब, आणि तुमची माणसं बंदुका घेऊन मंगळवारीच आली. कॅफेच्या भिंतीवर तुमच्या सही-शिक्क्याचं नगरपालिकेचं पत्रक अजून डकवलेलं आहे: गुरुवारी सकाळी मोकाट कुत्री मारली जातील, पाळीव असेल त्याच्या गळ्यात पट्टा हवा. तिजानीने ते तीनदा वाचलं होतं. म्हणूनच मंगळवारी उजाडताना तो बुर्कान या कुत्र्याला पट्ट्याशिवाय फाटकाबाहेर घेऊन आला.

तिजानी तेलाच्या घाण्यामागच्या अंगणात लोकांची बिघडलेली कुत्री सुधारतो. वय एकसष्ट. डाव्या हाताला तीनच बोटं, बाकीची दोन कुत्र्यांनी नेली. पहिली बारा वर्षं तोही साखळीनेच फोडून काढायचा. मग एक कुत्री त्याच्या माराने मेली. मरता मरता त्याचाच बूट चाटत होती. त्या दिवसापासून त्याने साखळीला हात लावला नाही.

बुर्कान गावातल्या जलीलाचा. म्हणजे तिच्या मुलाचा. मुलगा दोन वर्षांपूर्वी बोटीत बसून इटलीकडे निघाला, त्यानंतर फोन नाही. कुत्रा भुंकत राहतो म्हणून जलीलाच्या नवऱ्याने एकदा त्याला पट्ट्यासकट ऑलिव्हच्या फांदीला टांगलं. जलीलाने विळ्याने दोर कापला तेव्हा जीभ काळी पडली होती. वाचला. पण मानेकडे हात गेला की चावायला लागला. नवऱ्याला चावला, घरमालकिणीला चावला.

"पुन्हा चावला तर कुऱ्हाड घालतो म्हणतोय नवरा," जलीला म्हणाली होती. "काका, पोराचं एवढंच उरलंय हो घरात."

"पट्टा काढायला लागेल."

"हात लावलात तर फाडेल!"

"मग मला फाडू दे. तू मागं हो."

फाडलंच. मनगटापासून कोपरापर्यंत. तो हात त्याच्या जबड्यात तसाच ठेवून तिजानीने दुसऱ्या हाताने कात्री चालवली. पट्टा तुटून पडला. खालची कातडी सोलवटलेली, पू धरलेली. तिजानीने हात उगारला नाही. रक्त ठिबकत होतं आणि तो म्हणाला, "झालं समाधान? बस आता."

त्यानंतर एकोणीस दिवस सार्डिन. आधी छातीला बोट लावायचं, मासा द्यायचा. मग खांद्याला. मग कानामागे. मानेजवळ गेलं की गुरगुर, की हात मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

कॅफेवाला शादली मासे नेताना रोज अडवायचा. "तिजानी, बायकोला कधी एवढे मासे चारलेस का रे?"

"ती चावत नव्हती."

"म्हणूनच सोडून गेली!"

अख्खा कॅफे हसायचा. तिजानीही हसायचा. सोमवारी बुर्कानने मानेवर दोन बोटं ठेवू दिली. तिजानीने जलीलाला निरोप धाडला: उद्या दहाला ये, घेऊन जा.

एकच गोष्ट बघायची राहिली होती. उघड्यावर, गळ्यात काही नसताना, कुत्रा आपणहून हाताकडे येतो का. मंगळवारी बुर्कानला फाटकाशी ठेवून तिजानी ऑलिव्हच्या झाडांमधून चाळीस पावलं लांब गेला, वळला आणि हाक मारली. बुर्कान धावत निघाला.

तेवढ्यात वळणावरून तुमची गाडी आली. मागे दोघे उभे, दोघांकडे बंदुका.

"काका, बाजूला व्हा!"

"माझा आहे! ए, माझा आहे तो!"

"पट्टा कुठाय?"

विचारणारा उत्तराला थांबला नाही. पहिली गोळी कमरेत लागली. मागचे पाय गेले. बुर्कान किंचाळत पुढच्या पायांवर ओढत आला, वाटभर रक्ताचा पट्टा ओढत, आणि तिजानीने धावत जाऊन, काही न सुचून, त्याची मान घट्ट धरली. पुऱ्या हाताने. त्याला अंगाखाली ओढायला.

बुर्कान चावला नाही.

दात उघडे होते, हात दातांपाशीच होता. त्याने फक्त डोकं त्या हातावर टाकलं. दुसरा माणूस गाडीतून उतरला, तिजानीला लाथेने ढकललं आणि बुर्कानच्या कानात नळी टेकवून घोडा ओढला. मेंदूचे शिंतोडे तिजानीच्या दाढीवर उडाले.

"आज नव्हतं ना रे!" तिजानी ओरडला. "भिंतीवर लिहिलंय!"

"आम्हाला काय विचारता? वरून फोन आला, निघालो," तो नळी पुसत म्हणाला. "आणि चावरंच होतं म्हणतात गावात. सुटलात."

त्यांनी पाय धरून कुत्रा गाडीत फेकला. आधीच सात होते. गाडी गेली.

आता साडेनऊ झालेत. तिजानी फाटकाच्या दगडावर बसलाय. शादली कॉफी ठेवून गेला. कॉफीवर माशा बसल्यात. रस्त्याच्या टोकाला जलीला दिसतेय, वेळेच्या आधीच निघालेली, भराभर चालतेय.

कुत्रा मेला हे तिला कळेलच, वाटेवरचं रक्त सांगेल. पण तो सुधारला होता, शेवटी मान धरली तरी चावला नाही, हे तिला सांगायचं की गिळून टाकायचं? तिजानीला विचारू नका. हुकूम तुमचा होता, साहेब. ती फाटकाशी पोचायच्या आत उत्तर द्या.