सहावं गाणं

काळा कपटा, नखाएवढा. हेडफोनच्या गादीचं चामडं झडतं आहे आणि झडलेलं कानाच्या पाळीला चिकटतं. तिनं तो बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरला – हाच मधे आला म्हणून ऐकू येत नसेल, असं क्षणभर वाटलं, वाटून हसू आलं, आणि मग ते विरलं. गादी बदलायला हवी. आज नको. आज पाचच्या आत अल्बम छापायला द्यायचा आहे, नऊ गाणी, क्रमसुद्धा ठरला आहे, आणि ती ‘झालं’ म्हणत नाही तोवर बुवा सही करत नाहीत.

रॉक गाणाऱ्या माणसाला बुवा म्हणणं ही त्यांच्या जुन्या ड्रमरची थट्टा. ड्रमर गेला, थट्टा राहिली. अडुसष्टाव्या वर्षीही बुवा गिटार पोटावर लटकवून उभे राहतात – पोटच मधे येतं, ते सोडा – आणि ती त्यांची रेकॉर्डिस्ट, एकतीस वर्षं. पहिल्याच दिवशी, काल आलेली पोरगी, सगळ्यांदेखत म्हणाली होती, दुसऱ्या कडव्यात तुम्ही खोटं गाताय. बुवांनी तिच्याकडे बघितलं, खाकरले, आणि परत गायले. तेव्हापासून ती कानसेन. काही अडलं की कानसेनला विचारा.

आणि तीन आठवड्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरनं तपासणीचा कागद पुढे सरकवला. एक रेघ, बरी चाललेली, आणि मधेच पायरी चुकल्यासारखी धाडकन खाली. ‘बारीक, उंच आवाज गेलेत. वयानं जातातच, तुमचे जरा लवकर. काम काय करता?’ – शाळेत शिकवते, असं सांगून मोकळी झाले मी. मी! खोटं गाताय म्हणणारी! नवऱ्याला बोलले नाही. हल्ली तू पुटपुटतोस म्हणून वर्षभर त्याच्यावर डाफरत होते, आणि बिचारा चांगला खणखणीत बोलत होता. बुवांना तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिनं पुन्हा पहिल्यापासून लावलं. पहिलं बरं आहे. दुसऱ्यात शब्द चांगले, बापाच्या बुटांवरचे, पण गाणं बसतं ते बसतंच, उठायचं नाव नाही. तिसरं ओढूनताणून. चौथ्यात एक ओळ अशी येते की अंगावर काटा, आणि पुढच्याच ओळीला बुवा बक्षीस समारंभाला गायल्यासारखे सभ्य... हे खरंच असं आहे, की माझ्यापर्यंत पोचत नाही? गाण्याची धार असते ती त्या बारीक आवाजांत – श्वास, तारेवरून सरकणारं बोट, ओठ उघडताना होतो तो एवढासा आवाज – तेच मला येईनासं झालं असेल तर मला सगळं बोथटच लागणार, नाही का? तोंडाला चव नसली की स्वयंपाकाला नावं ठेवायची, तशातली गत. मग पाचवं. तेही तसंच. की नाही तसं? आणि मग सहावं...

सहाव्यात एक खुर्ची करकरते. खुर्ची? पक्कं गाणं बुवा उभ्यानं गातात. तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. गायकानं आधी कच्चं गाऊन द्यायचं, वादकांनी त्याला धरून वाजवायचं, आणि मग ते कच्चं टाकून देऊन त्या जागी पक्कं बसवायचं – ही इथली रीत, आणि सहाव्या गाण्यात ते टाकायचंच राहिलं होतं. तिच्याकडून. महिनाभर तिला पत्ता नाही. बुवा नाक ओढतात, एका ओळीला शब्द विसरून नुसतं हूं हूं करतात, आणि नऊ गाण्यांत हे एकच गाणं श्वास घेतं आहे. असं वाटतं. म्हणजे मला वाटतं... आता माझ्या वाटण्याला कोण विचारतो!

बुवा तीनला आले, मान पुसत. “काय कानसेन, झालं?”

“बसा. सहाव्यात माझ्याकडून घोळ झालाय. कच्चंच राहिलंय.”

“तुझ्याकडून? सूर्य पश्चिमेला उगवला की काय! लाव बघू.”

त्यांनी खाली बघत ऐकलं. हूं हूं आलं तेव्हा स्वतःशीच हसले. मग हसले नाहीत.

“हे कधी गायलो मी?”

“पहिल्या दिवशी. वायर सापडत नव्हती म्हणून मी ड्रमच्या मागं जमिनीवर आडवी झाले होते. तुम्ही म्हणालात, तोवर गाऊन टाकतो.”

“हां. तू कुठं दिसत नव्हतीस.” त्यांनी पुन्हा मान पुसली. “म्हातारा वाटतो गं मी यात.”

“पक्कं आहे माझ्याकडे. पाच मिनिटांत बदलते,” ती म्हणाली, आणि हे काही उत्तर नव्हे, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

“पक्कं म्हणजे कितवं? चव्वेचाळिसावं?” बुवांनी रुमालाची घडी केली, मोडली. “दमलो बघ मी या वेळी. तुला ठाऊक नसेल, मी काचेतून तुझ्याकडे बघून गातो. पहिल्यापासून. तुझी भुवई हलली नाही की समजायचं, जमलं. या वेळी बघावं तेव्हा कपाळाला आठ्या. वाटायचं, चुकतंय. पुन्हा गायचो. काय चुकतंय ते कळेना, आणि या वयात तुला विचारायची लाज वाटली. मग गात राहिलो नुसता... नीट.”

आठ्या. तिला ती काचेमागची स्वतः दिसली – मान पुढं काढलेली, श्वास रोखलेला, कपाळ आवळून तो न येणारा बारीक आवाज पकडू बघणारी – आणि पलीकडे हा माणूस, त्या कपाळाकडे बघत एकेक ओळ घासूनपुसून, तिच्यातलं होतं-नव्हतं ते काढून टाकणारा. आठ गाणी. ऐकू यावं म्हणून आवळत होते हो मी कपाळ, बुवा, दुसरं काही नाही... हे वाक्य तोंडात आलं होतं. पण मग गाणी बोथट आहेत ती खरोखरच बोथट आहेत, म्हणजे मी बरोबर ऐकलं. आणि बरोबर ऐकलं ते माझ्याच आठ्यांनी झालेलं. आणि मागच्या अल्बमला, त्याच्या मागच्याला, तेव्हा कान कसे होते माझे? कधीपासून? सांगावं तर एकतीस वर्षांची सगळी ‘झालं’ उसवायला लागतात, न सांगावं तर हा माणूस आपला गळा संपला असं समजून घरी जाणार. तिला रडू येत होतं आणि ते बुवांसाठी की स्वतःसाठी तेही कळत नव्हतं.

“मग?” बुवा म्हणाले. “कुठलं ठेवायचं? छापायचं की नाही? तू म्हणशील तसं.”

ते तिच्या अगदी समोर येऊन बसले होते. मधे काच नव्हती. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं कपाळ सैल सोडून पाहिलं. सुटलं की नाही, तिलाच समजेना. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्यांची भीती वाटली.