खळीचा थेंब आणि माझी मळकी काच

मुलांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक. १९३१ साली सोलापूरच्या एका कापडगिरणीत आलो, तेव्हा माझी पितळी नळी कशी लखलखायची! आता कपाटात धूळ खातोय, पण बोलायची खोड काही गेली नाही.

माझं काम खळ तपासायचं. ताण्याच्या उभ्या सुताला पिठाची खळ देतात, म्हणजे मागावर सूत तुटत नाही. पाण्याच्या थेंबात बारीक कण सारखे थरथरत असतात. दाट खळीत ते जवळजवळ गप्प बसतात. सुईनं एखादा ओढला तर निमूट येतो. पण सुई उचलली, की चांगल्या खळीतला कण थोडा मागं सरकतो, ताणलेलं रबर आखडावं तसा.

खळ शिजवणारे म्हातारे सिद्रामप्पा हे दोन बोटांत ओळखायचे. चिमूटभर खळ घ्यायची, बोटं फाकवायची, तार कशी आखडते ते बघायचं, बस्स!

मग ढवळायचं यंत्र आलं. त्यानं खळ इतकी घुसळली, की सुतं तटातट तुटू लागली.

"यंत्र खळीचा जीव काढतंय, सायेब," सिद्रामप्पा म्हणाले.

मॅनेजर उखडले. "तुझी खळ तरी कुठं चांगली आहे? तपासणीत दोन्ही सारख्या निघाल्या, तर उद्यापासून घरी बस!"

तपासणीस रामहरी मास्तरांनी यंत्राच्या आणि सिद्रामप्पांच्या, दोन्ही खळींचे थेंब माझ्याखाली ठेवले. पण कालची खळ माझ्या काचेवर वाळली होती. कुणी पुसलीच नव्हती! कणाचं ते मागं सरकणं केसाच्या जाडीएवढंही नसतं. त्या धुरकटपणात मला ते दाखवताच येईना.

"दोन्ही सारख्याच," मास्तर म्हणाले. सिद्रामप्पांनी घरी जायला पागोटं उचललं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोली झाडणाऱ्या गोजरबाई तिथंच होत्या. "मास्तर, काचंला खळ लागलीया की! बगितलं न्हाय व्हय तुमी?" असं म्हणत त्यांनी पदर ओला करून मला पुसलंसुद्धा.

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. यंत्राच्या खळीतला कण जागीच राहिला. सिद्रामप्पांच्या खळीतला हळूच मागं आला.

"आप्पा, चुकलं माझं," मास्तर उठून म्हणाले. "या, तुम्हीच बघा."

आप्पांनी माझ्या नळीला डोळा लावला. सुईनं कण ओढून सोडला. "बोटाला लई वर्सं कळत हुतं, मास्तर. डोळ्याला आज दिसलं."

मॅनेजरांनी यंत्राचा वेग कमी केला, आणि आप्पा खळीपाशीच राहिले.

मुलांनो, मला विसरलात तरी चालेल. पण वापराल तेव्हा आधी काच पुसा. मी मुद्दाम खोटं बोलत नाही हो! तरी त्या दिवशी गोजरबाई नसत्या, तर एका खऱ्या माणसाची भाकरी माझ्यामुळं गेली असती.