चंद्राचं पाऊल

सकाळचा चहा झाला की लडकू ओट्यावर येऊन बसे, आणि तो बसला की त्याची सून चंद्रा उकिडवी होई. सासऱ्यापुढं सुनेनं मांडी घालायची नाही, पाय तर पसरायचाच नाही. ही शिस्त सासूनं, ठकुबाईनं, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घालून दिली होती. धामणकर नाक्याजवळच्या त्या घरात यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांसाठी कांड्यांवर सूत भरायचं काम चाले. चंद्रा दिवसभर टाचांवर बसून चरखा फिरवी.

कार्तिकात तिची नडगी बाहेरच्या अंगानं ठणकू लागली. मग पावलाला मुंग्या. रस्त्यात चप्पल गळून पडे नि तिला पत्ताच नसे. "आमची म्हाराणी चपला दान करीत चाललीय," ठकुबाई शेजारणीला सांगून हसली होती.

चैत्रात पाऊल उचलेनाच. उंबऱ्याला अडखळून चंद्रा भरल्या हंड्यासकट पडली, तेव्हा कुठं दवाखाना.

डॉक्टरांनी गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला बोटानं टकटक केली, तशी झिणझिणी थेट पावलापर्यंत गेली. इथं हाडावरून नस जाते, ती दबलीय, ते म्हणाले. ही उकिडवी बसते का फार? ठकुबाई पदराचं टोक चाचपू लागली.

"सासरे असतात ना समोर," चंद्राच हळू बोलली.

आता पाय पसरूनच बसवा, डॉक्टरांनी बजावलं. पाऊल पुन्हा उचलेल का, याला त्यांनी हो म्हटलं नाही.

रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. पहिल्या रांगेत ठकुबाईची जागा ठरलेली. बुवा अहल्येवर आले. रामरायाचा पाय लागला नि शिळेची बाई झाली, ते रंगून सांगत होते. दरवेळी इथं ठकुबाईचे डोळे भरायचे. आज ते कोरडेच राहिले. आपण तर जित्या बाईच्या पायाची शिळा केली.

तिनं मागं पाहिलं. सासरे मंडळी समोर, म्हणून भिंतीशी साऱ्या सुना उकिडव्या, त्यांत चंद्राही.

ठकुबाई उठली. दंडाला धरून चंद्राला पुढं आणलं, बसवलं, आणि स्वतःच्या हातानं तिचा पाय सरळ केला.

"देवाकडं पाय? अन् माज्याम्होरं?" लडकू पुटपुटला.

"बुवा, शिस्त माजी व्हती, पाय बी मीच घालवला," ठकुबाई म्हणाली. "देवाला दिसू दे. रागावला त माज्यावर रागावंल."

बुवांनी क्षणभर टाळ थांबवले, मान डोलावली आणि आख्यान पुढं नेलं. भिंतीशी बांगड्या वाजल्या. एक सून मांडी घालून टेकली, मग दुसरी.

आरतीला सगळे उभे राहिले. ठकुबाई मात्र बसूनच होती, ते थंड, लुळं पाऊल मांडीवर घेऊन.