मावशींच्या फाटकाची सेवा

आमच्या मदत मंडळाचा इतिहास लिहायची वेळ आली ती एका फाटकामुळे. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या लेकीनं आईच्या अंगणाला लोखंडी फाटक बसवायचं ठरवलं, आणि आमच्या अध्यक्षांचं धाबं दणाणलं.

अध्यक्ष म्हणजे आमचे घड्याळजी. दुकान कधीच बंद केलं, पण बोलतात अजून किल्ली दिल्यासारखे. "जुनं लाकडी फाटक ही आपली पहिली सेवा. ते दुरुस्त करूनच मंडळ सुरू झालं. आजही दर रविवारी आपण तेच दुरुस्त करतो. ते गेलं तर रविवारी जायचं कुठं? तुम्ही इतिहास लिहा. लेकीला वाचायला देऊ. वाचून पाघळेल पोर."

तसं मंडळानं पुष्कळ केलं होतं. रक्तदान शिबिर भरवलं, त्यात रक्तापेक्षा बिस्किटं जास्त खपली. गटार उपसलं, ते शेजारच्या गल्लीचं निघालं. रोपं लावली, मग उन्हानं करपू नयेत म्हणून त्यांच्यावर छप्पर घातलं. ती छपराखाली करपली. पण रविवारचं फाटक कधी चुकलं नाही.

"निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला!" आमची ही दारातून म्हणाली. "न्हाणीघराची कडी वर्षभर लोंबतेय, ती दिसत नाही."

मी मावशींकडे गेलो. त्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. मंडळानं केलेल्या मदतीबद्दल चार शब्द सांगा, म्हटलं.

"मदत? मला? कुणी केली?"

"मंडळानं. फाटक..."

"अहो भाऊजी, मदत मी करते!" मावशींनी मशीन थांबवलं. "घड्याळजींची बायको गेली तेव्हा ते दुकानात बंद घड्याळांकडे बघत बसायचे. आमचे हे पोस्टमास्तर, रोज पोस्टात जाताना दुकानावरून जायचे, त्यांना बघवेना. मला म्हणाले, याला घरी बोलव, पण दया दाखवलीस तर यायचा नाही. काहीतरी मोडून ठेव." त्यांनी मशीनच्या पेटीतून बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर काढून दाखवला. "मी बिजागरीचा स्क्रू ढिला केला. तो माणूस चार जणांना घेऊन आला, आणि जाताना मंडळ काढून गेला! तेव्हापासून दर शनिवारी ढिला करते."

"मग लेकीला सांगा ना, नवं फाटक नको म्हणून."

"काय सांगू? आई फाटक मोडते म्हणून? आणि तुम्ही त्यांना सांगाल तर खबरदार. आतून मोडतील ते."

मी निघालो. मंडळाची पहिली लाभार्थी हीच मंडळाची पहिली स्वयंसेविका निघाली होती. तेवढं मला समजलं. म्हणजे मदत घेणारे अध्यक्ष. म्हणजे फाटक गेलं तर त्यांचंच नुकसान. एवढं तरी पक्कं झालं असं समजून मी त्यांच्या घरी गेलो आणि आडून आडून विषय काढला.

"मावशी म्हणत होत्या, स्क्रू फारच लवकर ढिले होतात."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "डोळ्याला भिंग लावून माझा जन्म गेला. स्क्रूच्या खाचेवर मशीनच्या ड्रायव्हरचे ओरखडे मला दिसणार नाहीत? दुसऱ्याच रविवारी कळलं होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तेव्हा मला गरज होती, म्हणून गप्प बसलो. मग पोस्टमास्तर गेले, लेक लग्न होऊन लांब गेली. आता आपण गेलो नाही तर ती बाई दिवसभर मशीनशी बोलत बसेल. तिला वाटतं, ती आपल्यावर उपकार करते. वाटू द्या. हीच सेवा. पण तिला एक अक्षर बोलू नका. खट्टू होईल."

घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. 'पहिला लाभार्थी' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मावशी लिहावं तर त्या भडकणार, अध्यक्ष लिहावं तर ते मोडणार. फायदा कुणाला झाला ठाऊक नाही. नुकसान मात्र एकट्या फाटकाचं झालं होतं.

शनिवारी लेक आली. पाठोपाठ हातगाडीवरून लोखंडी फाटक आलं. मी तो दोन शब्दांचा कागद घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. "बाळ, हा मंडळाचा इतिहास. यात पुढं काही लिहिता आलेलं नाही. पण जुनं फाटक राहू दे."

"काका, त्याची भोकं एवढी रुंदावलीत की परवा ते दूधवाल्याच्या अंगावर पडलं."

"अगं, पण रविवारी..."

"फाटकवाल्याला बजावलंय," ती हळूच म्हणाली, "बिजागऱ्या वेल्डिंग करायच्या नाहीत. नटबोल्टच हवेत. मी या घरात वाढलेय, काका. शनिवारी आई फाटकापाशी काय करते, मला दिसत नव्हतं?"

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला आज कळलं?"

रविवारी मंडळ वेळेवर हजर झालं. नवंकोरं फाटक खालच्या बाजूनं लोंबत होतं. "लोखंडाचा काही भरवसा नाही हो आजकाल!" मावशी म्हणाल्या. अध्यक्ष गंभीरपणे खाली बसले, बोल्टकडे चष्म्यातून पाहिलं, मान डोलावली आणि कामाला लागले. मी चहाचे कप आणायला आत गेलो. मशीनची पेटी उघडी होती. त्यात, दोऱ्याच्या रिळांच्या मधोमध, नवा पाना.

आमच्या न्हाणीघराची कडी अजून लोंबतेच आहे.