रेझ्युमेतली दोन वर्षं

“मोहनाबेन, नंदेसरीच्या कारखान्यांत सगळे एकमेकांना ओळखतात हं, रेझ्युमेत खोटं नका लिहू,” शेजारच्या हर्षिदाबेन म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या नवऱ्याची, उन्मेषची, नोकरी सुटून दोन वर्षं झालीत. त्याचे अर्ज मीच पाठवते. या वेळी त्याला न विचारताच ‘अजून नोकरीत’ असं लिहिलं.

आज दुपारी नंदेसरीतल्या मुलाखतीहून त्याचा फोन आला. “माझ्यासमोरच जुन्या कारखान्यात फोन लावला त्यांनी. मला सांगायचंस तरी, मोहना.”

तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. आमची लेक सानवी तापाने फणफणलीय, तिला सोडून निघता येत नाही. तुम्ही नंदेसरीकडे असाल तर बसस्टॉपवर जरा बघा ना. निळा शर्ट, हातात फाईल. जेवलाय का, तेवढं विचारा त्याला.