जुनी प्रत

पानिपतच्या ब्लँकेट व्यापाऱ्यांची वेबसाइट उन्मेष चार वर्षं सांभाळत होता, आणि ती रखडते ही तक्रारही तेवढीच जुनी होती. मग नागपूरहून मयुरा गुरुग्रामच्या त्याच्या ऑफिसात आली आणि साइट पळायला लागली. मुख्य सर्व्हरच्या पुढे तिने एक मधला सर्व्हर बसवला होता. कुणी पान नुसतं बघायला मागितलं, म्हणजे 'गेट' विनंती आली, की तो पानाची प्रत ठेवून घ्यायचा आणि पुढच्याला तीच द्यायचा. ऑर्डरची 'पोस्ट' तो जशीच्या तशी मागे पाठवायचा. माहिती बदलणारी 'पुट' त्याच्या हातून गेली, की त्या पानाची जुनी प्रत फेकून द्यायचा.

"मयुरा ने तो कमाल कर दिया," त्यांच्या बॉस चड्ढा मॅडम येता-जाता म्हणायच्या आणि उन्मेषच्या पोटात दुखायचं. दिल्लीत, द्वारकेच्या घरी बायको म्हणाली, "तिला जेवायला बोलव ना, मराठी बोलायला कुणीतरी मिळेल." त्यावर तो भाजी खारट झालीय म्हणाला.

एके दिवशी त्याने एक ब्लँकेट संपल्याची नोंद केली. साइट उघडली, तर तिथे अजून 'शिल्लक'! पुन्हा उघडली, तरी तेच. त्याला इतका आनंद झाला की मयुरा शेजारीच बसलेली असूनही त्याने तिला काही सांगितलं नाही. मीटिंगची वाट बघितली.

"मॅडम, पुराना पेज दिखा रहा है. माल नहीं है, फिर भी ऑर्डर आएँगे."

मयुरा स्क्रीनवर वाकली. "उन्मेष, बदल कुठून केलास?"

"गोदामाच्या प्रोग्रॅममधून. नेहमी करतो तसाच."

"अच्छा! तो थेट मुख्य सर्व्हरशी बोलतो. मधल्याला तुझी पुट दिसलीच नाही, मग तो प्रत टाकणार कशी?"

उन्मेषचे कान तापले. आता ही सगळ्यांसमोर आपली अक्कल काढणार, असं त्याला वाटलं. पण ती मॅडमकडे वळली. "गोदामवाले रोज ऐसे ही करते हैं. मैंने सोचा ही नहीं था. अच्छा हुआ, उन्मेष ने पकड़ लिया."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून गोदामाच्या विनंत्या मधल्या सर्व्हरमार्गे वळवल्या. पान उघडल्यावर 'संपलं' दिसलं, तेव्हा मयुराने टाळीसाठी हात पुढे केला. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि नेमकं तेच त्याला सहन होईना. ती थोडी तरी ओशाळायला हवी होती.

सकाळी मॅडमचा कौतुकाचा ईमेल आला. 'मयुरा और उन्मेष', त्यांनी लिहिलं होतं. आपलं नाव दुसऱ्या नंबरवर आहे, हे पहिल्याच वाचनात त्याच्या लक्षात आलं.