बारावी शाल

गोवर्धनला सिंध सोडून अमरावतीत येऊन बारा वर्षं झाली. एवढ्या काळात अकरा शाली जमल्या, पण नागरिकत्वाचा कागद काही मिळाला नाही. बायको जयवंता आणि पोरगी करिश्मा गेल्या साली भारताच्या नागरिक झाल्या. याची फाईल मात्र कचेरीत कुठंतरी दडून बसली. म्हणजे गाडीवर मेथी-पालक विकायची मुभा, पण परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं आणि सापडला, तर फाईल कायमची गेली. जीभ तेवढी पक्की वऱ्हाडी झाली होती, पण जिभेला कोण विचारतो!

शाली पंजाबरावांच्या. पंजाबराव म्हणजे वॉर्डाचे पुढारी. दर सव्वीस जानेवारीला ते गोवर्धनला स्टेजवर चढवत, शाल-नारळ देत आणि "आपला भाऊ आपल्या घरी आला!" म्हणून गळा काढत. टाळ्या पडत, फोटो निघत. तासाभरानं भाऊ पुन्हा गाडीवर.

यंदा करिश्माचं लग्न ठरलं, तेही अकोल्यात. कार्यालय वरपक्षानं आधीच घेतलेलं. सिंधहून अमरावती गाठलेल्या माणसाला आता शंभर किलोमीटरवरचं अकोला गाठता येईना! परवानगीच्या अर्जावर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची जामीनदार म्हणून सही हवी होती. गोवर्धन पंजाबरावांकडे गेला. पहिल्या दिवशी त्यांचा चष्मा सापडेना. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सहीचं काय घेऊन बसला बे? मी हावो ना तुह्या पाठीशी!"

सव्वीस जानेवारी आली. लग्न येत्या रविवारी. बारावी शाल खांद्यावर पडली तसा गोवर्धननं खिशातून अर्ज काढला आणि माईकच धरला.

"शाली बस झाल्या, पंजाबराव. मले माह्या पोरीच्या लग्नाले जायचं हाये. सही द्या."

कॅमेरे वळले. आता चष्मा तर नाकावरच होता! पंजाबरावांनी हसून पेन मागितला आणि काहीएक न वाचता, दिसेल त्या पहिल्या रेघेवर झोकात सही ठोकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गोवर्धनचं शिक्षण सगळं तिकडचं, मराठी अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद छातीशी धरला आणि बिचारा भर स्टेजवर रडला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बाबूनं खिडकीतून अर्ज पाहिला.

"सही अर्जदाराच्या जागी हाये."

"मंग?"

"मंग अर्जदार पंजाबराव."

"अहो, पोरगी माही हाये!"

"खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज कर, पंधरा दिवस लागतीन."

शुक्रवारी त्याच अर्जावर परवानगी आली बरं का! अर्जदार पंजाबराव यांस मुलीच्या लग्नासाठी अकोल्याला जाण्यास मंजुरी. जामीनदाराची जागा कोरीच होती. पण पंजाबरावांना कशाला हवा जामीनदार? साहेब त्यांना ओळखतात.

जयवंता आणि करिश्मा शनिवारी बसनं गेल्या. खिडकीतून पोरगी हात हलवत होती आणि गोवर्धन स्टँडच्या फाटकापाशी उभा होता. फाटकाबाहेर जायची त्याला मुभा होती, पण बस वळली तरी तो फाटक धरूनच होता.

रविवारी त्यानं गाडी लावली. घरी बसून करायचं काय? दुपारी जयवंतानं फोनवर मांडव दाखवला. करिश्मा हळदीनं पिवळी, गोड दिसत होती. तिच्या शेजारी बापाच्या पाटावर पंजाबराव! डोईला फेटा, समोर दोन फोटोवाले. कन्यादानाचं पाणी त्यांनीच सोडलं. करिश्मा मान वर करून फोनमध्ये बापाला शोधत होती. मग चित्रच गेलं.

संध्याकाळी पंजाबरावांचा फोन. "चिंता करू नको, गोवर्धन. बाप नसल्याची उणीव म्या भासू देली नाही. पेपरात फोटो येते उद्या. अन् पुढच्या सव्वीस जानेवारीले तुहा सत्कार पक्का!"

"माहा कायले?" गोवर्धन म्हणाला. "अर्जदार तुमी, बाप तुमी. आता सत्कारबी तुमीच घ्या. शाल मी आणतो, माह्यापाशी बारा हायेत."

त्यानं फोन ठेवला. मग गाडीला टांगलेल्या पिशवीतली बारावी शाल काढली, बादलीत बुचकळून पिळली आणि सुकत चाललेल्या मेथीवर अंथरली.